सात नंबरचा पट्टा

सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाला ‘बुटक्या’ म्हणणारी माणसं एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे बास्केटबॉलचा संघ. बाकीचे अकरा जण त्याच्याहून उंच होते, त्यामुळे नाव पडलं ते कायमचं. आता तो पंचेचाळीस वर्षांचा होता, एका क्लबात मुलींना खेळ शिकवत होता, गुडघे कुरकुरत होते, आणि तरी जुनी माणसं रस्त्यात दिसली की लांबूनच ओरडायची, “काय रे बुटक्या!” त्याचं त्याला कधीच काही वाटलं नाही. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती त्याने एकोणीस वर्षं कोणापाशी काढली नव्हती.

गोष्ट अशी, की तो तीन किलोमीटरच्या पुढे धावला की मागून चेंडू आपटल्याचा आवाज यायचा.

दोन पावलं, एक टप्पा. दोन पावलं, एक टप्पा. मागे वळून पाहावं तर रस्ता मोकळा. थांबावं तर आवाजही थांबायचा, पुन्हा धावायला लागावं तर पुन्हा पाठीशी हजर. सुरुवातीला त्याने कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले, आणि घरी येताना त्याला वाटलं, बिघडलेले असते तर फार बरं झालं असतं. मग त्याने एक सोपा उपाय शोधला. तीन किलोमीटरच्या पुढे धावायचंच नाही.

टप्पा कोणाचा आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ताड्याचा.

ताड्या म्हणजे संघाचा सेंटर, जाळीखाली उभा राहणारा सर्वांत उंच गडी. सहा फूट दहा इंच, वजन शंभराच्या वर, बसमध्ये शिरताना दरवाज्याशी रोज नव्याने ओळख करून घेणारा. बुटक्याचा तो जिवलग मित्र. बुटक्याने चेंडू उंच फेकायचा आणि ताड्याने तो वरच्या वर झेलून जाळीत घालायचा, असं त्या दोघांचं आठ वर्षं चाललं होतं. ताड्याला नुसतं धावायचा मनस्वी कंटाळा. सकाळी तळ्याच्या रस्त्याला व्यायामाला निघायचा तो चेंडू घेऊन, आणि पूर्ण फेरी टप्पे मारत धावायचा. फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांनी त्याबद्दल तक्रारही केली होती. “रिकाम्या हाताने धावलं की वाटतं कोणीतरी मागे लागलंय,” असं तो म्हणायचा.

या सगळ्याचं मूळ होतं कॅन्टीनमधल्या एका भांडणात. लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवणारे एक सर तेव्हा त्याच मैदानावर असायचे. त्यांना सगळे पल्लेवाले सर म्हणत. काडीसारखे वाळलेले, भरघोस मिशीचे, आणि जगातल्या इतर सर्व खेळांबद्दल मनात दया बाळगणारे. एक दिवस चहा पिताना ते बास्केटबॉलच्या कोचला म्हणाले, “तुमची पोरं धावतात कुठे हो? अठ्ठावीस मीटर पळायचं, वळायचं, शिट्टी वाजली की कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. यांना दहा किलोमीटरला सोडा, निम्मे चालत येतील.”

“माझी पोरं देशातली सर्वांत तयारीची आहेत,” कोच म्हणाला. “चाळीस मिनिटांत येतील.”

“आली तर मिशी काढीन.”

झालं. एवढ्या मोठ्या माणसांचा शब्द, मग मागे कोण घेणार? पुढच्या आठवड्यात पंचवीस फेऱ्यांची शर्यत ठरली. संघाच्या डॉक्टर बाईंनी त्यात आपलंही काम साधून घेतलं. त्यांच्याकडे नवीन पट्टे आले होते, छातीला बांधायचे. हृदयाचे ठोके मोजायचे आणि नंतर संगणकातून त्याचा आलेख कागदावर निघायचा. प्रत्येक पट्ट्यावर खेळाडूचा नंबर मार्करने लिहिलेला. बुटक्याचा सात. ताड्याचा चौदा.

शर्यतीच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत ताड्या त्याच्या शेजारी येऊन बसला. लाकडी बाक करकरला.

“बुटक्या, तुझा पट्टा दे.”

“का? तुझ्या छातीला पुरायचा नाही तो.”

“माझा उड्या मारतो रे. मागच्या चाचणीत बाईंनी पाहिलं. आता परत दिसलं तर मोठ्या इस्पितळात धाडतील आणि सामन्यांचा दौरा जाईल माझा.”

“मग जाऊन ये की इस्पितळात.”

“दौऱ्यावरून आलो की जातो. शप्पथ. मला काही होत नाही रे, त्या यंत्रालाच माझी उंची झेपत नाही.”

बुटक्या हसला, त्याने पट्टा काढून दिला आणि ताड्याचा स्वतः बांधला. खरं सांगायचं तर त्याला ताड्याची काळजी वाटली नव्हती. त्याला दौऱ्याची काळजी वाटली होती. ताड्या नसेल तर आपला चेंडू वर झेलणार कोण, एवढाच विचार त्याच्या मनात आला होता, आणि पुढे एकोणीस वर्षं त्याने स्वतःला यातून सूट दिली नाही.

शर्यत भलतीच रंगली. पाचव्या फेरीलाच दोघे तिघे पाय ओढायला लागले. थांबायची इतकी सवय, की बाजूच्या मैदानावर कोणाची तरी शिट्टी वाजली तर चार जण धावता धावता चक्क उभे राहिले आणि पल्लेवाले सर हसून हसून खाली बसले. तिघे खरोखरच चालत आले. एकाला एक तास सहा मिनिटं लागली. बुटक्या मात्र पहिल्यापासून पुढे होता, आणि त्याच्या मागे, सगळ्यांना चकित करत, ताड्या. चेंडू नव्हता, पण उजवा हात खाली वर, रिकाम्या हाताने टप्पे मारत येत होता. शेवटच्या फेरीत तो बुटक्याच्या बाजूने पुढे गेला. जाताना त्याचा श्वास बुटक्याने ऐकला. त्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं. ताड्याने वळून दात दाखवले आणि तो पहिला आला. त्रेचाळीस मिनिटं.

सरांची मिशी वाचली. पण त्यांनीच ताड्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, “हा माणूस चुकून तुमच्या खेळात गेला.” सगळ्यांना आपापला आलेख प्रशस्तिपत्रासारखा छापून मिळाला, वर नाव, खाली वेळ. ताड्याने आपला घरी नेऊन फ्रेम करून घेतला. चौदा नंबरची रेघ सरळ, शांत, हळूहळू चढत गेलेली. ती बुटक्याच्या हृदयाची होती.

दोन दिवसांनी डॉक्टर बाईंनी सात नंबरला बोलावलं. टेबलावर त्याचा कागद होता. रेघ मधेच आभाळाला टेकत होती, मधेच खाली कोसळत होती. बाईंनी त्याला झोपवलं, तारा लावल्या, पळवलं, पुन्हा झोपवलं. सगळं व्यवस्थित. मग त्यांनी पुन्हा कागद उचलला आणि सरळ विचारलं, “तुम्ही पट्टे बदलले नव्हते ना कोणाशी?”

“छे!” बुटक्या म्हणाला. वर हसलाही.

बाईंनी कागदावर लिहिलं, ‘पट्ट्यात बिघाड’, आणि कागद त्याला देऊन टाकला. शर्यतीनंतर अकराव्या दिवशी सकाळी ताड्या तळ्याच्या रस्त्याला, घरापासून तीन किलोमीटरवर, धावता धावता पडला. मदत यायच्या आत गेला. चेंडू घरंगळत गवतात गेला होता. तो एका फिरायला आलेल्या म्हाताऱ्याने घरी आणून दिला.

त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. बाप तिला चिमणी म्हणायचा. वहिनी, म्हणजे ताड्याची बायको, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो फ्रेममधला आलेख दाखवायची. “बघा, काही म्हणजे काही नव्हतं हो त्याला. डॉक्टरांनी तपासलं होतं. नशीबच, दुसरं काय!” त्या कागदाचा तिला मोठा आधार होता. बुटक्या समोर बसून ऐकायचा. सांगायचं म्हणून तो चार वेळा गेला आणि चारही वेळा चहा पिऊन परत आला. मग फ्रेम दिवाणखान्यात ताड्याच्या फोटोखाली लागली, आणि प्रत्येक भेटीत आपलंच काळीज दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेलं पाहायची शिक्षा त्याच्या वाट्याला आली. सात नंबरचा कागद त्याच्या कपाटात होता, स्वेटरच्या घडीखाली.

चिमणी वाढली. नाव चिमणी आणि उंची सहा फूट दोन. खेळात बापाची लेक. बुटक्यानेच तिला शिकवलं, पहिल्या टप्प्यापासून. ती त्याला ‘अरे काका’ म्हणायची, त्याच्या खांद्यावर कोपर टेकवून उभी राहायची. “काका, तुझी सावली नाही रे पडत माझ्यावर,” असं चिडवायची. त्याला मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते ही.

एकविसाव्या वर्षी तिला देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. अर्ज भरताना ती त्याच्या टेबलापाशीच बसली होती. “कुटुंबात कोणाला हृदयविकार?” तिने मोठ्याने वाचलं आणि ‘नाही’ लिहिलं. “आपल्याकडे पुरावा आहे, फ्रेम केलेला,” ती हसत म्हणाली.  बोलायला तोंड उघडलं ते बुटक्याने जांभई देऊन मिटलं.

“आणि ऐक ना काका, शिबिरात पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर पळवणार आहेत. मला तर धावता येत नाही असं सलग, कंटाळा येतो. तू ये ना माझ्याबरोबर, रोज सकाळी.”

“मी? माझे गुडघे...”

“गुडघ्यांना घरी ठेव. तू ये.”

नाही म्हणणं त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तळ्याच्या रस्त्याला लागले. त्याने बेताने तिसऱ्या किलोमीटरला बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढलं आणि तिथूनच तो परतला. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “काका, तुझी नाडी रोज इथेच कशी रे सुटते?”

मग पुढे जावंच लागलं. पुलापाशी आवाज सुरू झाला. दोन पावलं, एक टप्पा. धप्.  शेजारी चिमणी तिच्या धुंदीत धावत होती, उजवा हात खाली वर होत होता, रिकाम्या हाताने टप्पे मारत. हे तिला कोणी शिकवलं होतं? त्याने नक्कीच नाही. आवाज मात्र तिच्या हाताशी जुळत नव्हता. तो मागून येत होता, आणि रोज थोडा अधिक जवळून.

शिबिराला तीन दिवस राहिले तेव्हा ती धावायला निघताना वैतागली होती. हल्ली पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ कोणाकडेही असतं, तसं दोघांकडेही होतं. “माझा पट्टा बिघडलाय रे. आठवडाभर नुसता उड्या मारतोय. मधेच दोनशे दाखवतो, मधेच नव्वद. काका, तुझा दे ना मला. तू माझा घाल.”

एकोणीस वर्षांत ताड्याचा आवाज त्याने ऐकला नव्हता, फक्त टप्पा ऐकला होता. आज शब्दही ऐकले, तिच्या तोंडून.  तरीही त्याने पट्टा काढून दिला आणि घड्याळही दिलं, कारण त्याच्या मनाच्या एका भित्र्या कोपऱ्याला अजून आशा होती. पट्टा खरंच बिघडलेला असेल. असतात की पट्टे बिघडलेले.

ते धावायला लागले. त्याच्या मनगटावर तिचं घड्याळ. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे पन्नास. एकशे बावन्न. एकशे बावन्न. बिघडलेला पट्टा शहाण्यासारखा चालत होता. पूल आला, धप् सुरू झालं, आता अगदी खांद्याशी, इतकं जवळ की मानेवर वारा लागावा. एकशे त्रेपन्न.

“ए काका, हे बघ!” चिमणी हसत होती. तिने मनगट त्याच्यापुढे धरलं. “तुझाही बिघडला!”

एकशे एकाहत्तर. दोनशे चौदा. शहाण्णव.

बुटक्याच्या काळजाचा ठोका चुकला, आणि तिच्या घड्याळात तो दिसला नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने ओरडून तिचा दंड धरला. “थांब! एक पाऊल टाकू नकोस.”

“अरे काय झालं?”

“बस. खाली बस आधी.”

रस्त्याकडेच्या बाकावर त्याने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. लाकडी बाक, सात आणि चौदा, दौरा, भिंतीवरची फ्रेम, कपाटातला कागद. काही गाळलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. ती ऐकत होती. तिचा चेहरा आधी हसायच्या बेतात होता, मग तसा राहिला नाही.

“डॉक्टरांनी विचारलं होतं तुला?” तिने शेवटी विचारलं. “सरळ सरळ?”

“हो.”

“आणि तू ‘छे’ म्हणालास.”

“हो.”

“हसून?”

त्याने मान हलवली. ती उठली. त्याचा पट्टा आणि घड्याळ सोडून तिने बाकावर ठेवलं, त्याच्या मनगटावरचं आपलं घड्याळ काढून घेतलं आणि ती घराकडे चालायला लागली, सावकाश, तो सांगेल तेवढं सावकाश. तो दहा पावलं मागे राहून चालत होता. 

डॉक्टर बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण सकाळी दोन तास दवाखान्यात बसत. त्याच दिवशी बुटक्या कागद घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. चिमणी आणि वहिनी आधीच तिथे होत्या. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“बाई, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता,” तो म्हणाला. “उत्तर चुकीचं दिलं होतं मी. या कागदावर नाव माझं आहे. हृदय हिच्या बापाचं आहे.”

बाईंनी चष्मा लावला. पिवळा पडलेला कागद आणि चिमणीच्या घड्याळातले आठवडाभराचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, “हे रक्तातून उतरतं. तेव्हा कळलं असतं तर...”  त्यांनी त्याच्यापुढे पेन सरकवलं. बुटक्याने कागदावरचं स्वतःचं नाव खोडलं, तिथे मित्राचं लिहिलं आणि खाली सही केली. एकोणीस वर्षं अडलेलं काम अर्ध्या मिनिटात झालं, याची त्याला लाज वाटली.

मोठ्या इस्पितळातल्या तपासण्या आठवडाभर चालल्या. निदान झालं, शस्त्रक्रिया ठरली. वेळेवर आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मुलगी जगेल, चांगली म्हातारी होऊन जगेल. फक्त खेळायचं नाही. पुन्हा कधीच नाही. बुटक्या हे बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होता, कारण त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं. जगेल हे ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो तोंड झाकून रडला.

चिमणी दार ढकलून बाहेर आली. तिच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक सात नंबरचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेला. दुसरी दिवाणखान्यातली फ्रेम. काचेवर धुळीची चौकट होती.

तिने कागदावर एक बोट ठेवलं, रेघ शेवटी सर्वांत उंच गेली होती तिथे. “इथे काय झालं होतं?”

“शेवटची फेरी,” बुटक्या म्हणाला. “तिथे तो माझ्या पुढे गेला. हसत होता.”

ती त्या टोकाकडे पाहत राहिली. मग तिने पिशवी छातीशी धरली आणि फ्रेम त्याच्या मांडीवर ठेवली.

“हे तुमचं आहे,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

जन्मभर ‘अरे काका’ म्हणणारी पोर, ‘तुमचं’ म्हणाली. काका तर म्हणालीच नाही. तो उठला. मान वर करून तिच्याकडे पाहायला त्याला जमलं नाही, तिची उंची आज जास्तच वाटली.

फ्रेम काखेत धरून तो तळ्याच्या रस्त्याने पायीच घरी निघाला. पूल आला, पूल मागे पडला. तो थांबला. मग फ्रेम सांभाळत थोडा धावला, शंभर पावलं, दोनशे. स्वतःचे बूट ऐकू येत होते, स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मागे काहीच नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या आवाजाला तो घाबरला, त्याच्यासाठी तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि हाक मारली, “ताड्या?”

फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्याने वळून पाहिलं आणि तो पुढे निघून गेला.